शहरातल्या माश्या मोजतात कशा?

मृगाच्या सरी पडून आठ-दहा दिवस झाले की जळगाव असो, धुळे असो की नंदुरबार, ओट्यावर बसलेल्या माणसाच्या तोंडी एकच वाक्य असतं: "औंदा माश्या गंज व्हयन्यात भो." मग कोणीतरी नगरसेवकाला फोन करतं, संध्याकाळी धुराचं मशीन गल्लीतून फिरतं, दोन दिवस बरं वाटतं आणि आठवडा संपायच्या आत ताटाभोवती पुन्हा तेवढ्याच माश्या. मागच्या पावसाळ्यापेक्षा या वेळी त्या जास्त आहेत का, कोणत्या वॉर्डात जास्त आहेत, धुरानंतर किती घटल्या, असं विचारलं तर उत्तर मिळत नाही. कारण कोणी मोजलेलंच नसतं.

माश्या मोजता येतात. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही की महागडं यंत्र लागत नाही. २०११च्या जनगणनेत साडेचार लाखांवर वस्ती नोंदवलेल्या जळगावसारख्या शहराला हे काम मोजक्या, नीट शिकवलेल्या माणसांत करता येईल. मला या विषयाची एवढी कळकळ वाटते ती लहान मुलांच्या जुलाबामुळे. घरमाशीला चावायला दात नसतात, ती फक्त पातळ चाटते. कोरडा पदार्थ असेल तर त्यावर लाळ आणि पोटातलं थोडं ओकून तो विरघळवते आणि मग शोषून घेते. तासाभरापूर्वी ती उघड्यावरच्या शौचावर बसलेली असेल तर पायांच्या केसांना आणि त्या ओकारीला लागलेले जंतू थेट बाळाच्या वाटीत येतात. इस्रायली लष्कराच्या छावण्यांमध्ये सापळे लावून माश्या सुमारे ६४ टक्क्यांनी कमी केल्या, तेव्हा शिगेला जंतूंमुळे होणाऱ्या आवेच्या रुग्णांत ८५ टक्क्यांनी घट झाली. हा अभ्यास १९९१ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. १९९९ साली त्याच नियतकालिकात पाकिस्तानातल्या खेड्यांचा अभ्यास आला. तिथे माश्यांचा बंदोबस्त केलेल्या गावांत मुलांच्या जुलाबाचं प्रमाण २३ टक्क्यांनी कमी भरलं. हे फार मोठे आकडे आहेत. माश्यांना नुसता 'त्रास' म्हणून सोडून देता येत नाही.

मोजणीकडे जाण्याआधी माशीचं आयुष्य समजून घेऊ, कारण कधी आणि कुठे मोजायचं हे त्यावरच ठरतं. मादी एका वेळी शंभर-सव्वाशे अंडी घालते, आणि असं आयुष्यात चार-पाच वेळा तरी करते. जागा तिला ओली, सडणारी लागते: शेण, उकिरडा, कोंबड्यांची विष्ठा, हॉटेलमागचं खरकटं. उन्हाळ्या-पावसाळ्यात एका दिवसात अंड्यातून अळी निघते. चार-पाच दिवस ती त्या ओल्यात खाऊन वाढते आणि मग ओल सोडून कोरड्या, अंधाऱ्या जागी सरपटत जाऊन कोष करते. तापमान ३५ अंशांच्या आसपास असेल तर अंड्यापासून उडती माशी व्हायला आठ ते दहा दिवस पुरतात. तेच १६ अंशांना सुमारे दीड महिना लागतो.

आता हे आपल्याकडच्या ऋतूंना लावून बघा. मे महिन्यात पारा ४४-४५वर जातो, तेव्हा रस्त्यावरचं शेण दुपारपर्यंत गोवरीसारखं वाळतं आणि त्यात अळी जगत नाही. म्हणून ऐन उन्हाळ्यात उघड्यावर माश्या त्या मानाने कमी दिसतात आणि उरलेल्या ओल धरून राहतात: मोरीपाशी, रसवंतीच्या चोथ्याजवळ, आखाजीपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून, घरोघरी साचू लागणाऱ्या आंब्याच्या साली-कोयांवर. पाऊस पडला की सगळा वाळका कचरा एकदम ओला होतो आणि हवा मात्र गरमच असते. माशीला हवं ते दोन्ही मिळतं. आठ-दहा दिवसांनी ओरड सुरू होते ती त्यामुळे.

अळी कचरा सोडून जाते, ही गोष्ट तर प्रत्येक मुकादमाला माहीत असायला हवी. समजा एखाद्या कोपऱ्यावरचा ओला कचरा आठ दिवसांनी उचलला. जागा स्वच्छ दिसते, फोटोही चांगला येतो. पण अळ्या पाचव्या दिवशीच निघून शेजारच्या मातीत, फरशीच्या फटीत, भिंतीच्या कडेला जाऊन बसलेल्या असतात. कचरा गेला तरी माश्या तिथेच जन्मतात. म्हणून ओला कचरा तीन-चार दिवसांच्या आत उचलला जातो की नाही, याला महिन्यात एकूण किती टन उचलला यापेक्षा जास्त महत्त्व आहे.

लाकडी जाळी आणि तीस सेकंद

जगभर सगळ्यात जास्त वापरलं जाणारं साधन म्हणजे स्कडर ग्रिल. अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेतल्या स्कडर यांनी १९४७ साली ही पद्धत मांडली. साधन म्हणजे लाकडी पट्ट्यांची चौकोनी जाळी. मोठी असेल तर साधारण ९० सेंटिमीटर लांब आणि तेवढीच रुंद. बोटभर रुंदीच्या वीसेक पट्ट्या, मधे तेवढ्याच फटी, आणि धरायला मूठ. कोणताही सुतार करून देईल. पट्ट्याच का? माशीला कडेवर बसायला आवडतं. सपाट फळीपेक्षा कडा आणि सावल्या असलेल्या जाळीवर ती पटकन उतरते.

जिथे माश्या सर्वांत दाट दिसतात तिथे ही जाळी अलगद ठेवायची. ठेवताच माश्या उडतात आणि क्षणाने परत बसू लागतात. मोजणाऱ्याने आपली सावली जाळीवर पडू द्यायची नाही आणि हलायचं नाही. तीस सेकंदांत जाळीवर किती माश्या उतरल्या ते मोजायचं. जाळी थोडी सरकवून पुन्हा मोजायचं. असं दहा वेळा. त्या दहांतले सर्वांत मोठे पाच आकडे घेऊन त्यांची सरासरी काढायची.

कल्पनेतलं एक उदाहरण घेऊ. भाजी बाजारामागच्या ढिगावर आकडे आले १४, ९, १७, ११, ६, १५, १२, ८, १६ आणि १०. मोठे पाच म्हणजे १७, १६, १५, १४ आणि १२. बेरीज ७४, सरासरी १४.८. रजिस्टरमध्ये हा एकच आकडा जातो. मोठेच पाच घेण्यामागे कारण आहे. वाऱ्याची झुळूक आली, कुत्रं आडवं गेलं, जाळी जोरात आपटली, तर माश्या कमी उतरतात. गडबडीने आकडा सहसा खालीच जातो. त्यामुळे मोठे आकडे खऱ्या परिस्थितीच्या जास्त जवळ असतात.

या सरासरीसाठी एक ढोबळ पट्टी वापरतात. दोनपर्यंत कमी, तीन ते पाच मध्यम, सहा ते वीस जास्त, आणि विसाच्या पुढे फारच जास्त. पण ही पट्टी दगडावरची रेघ मानू नये. मासळी बाजारातला पाच आणि प्रसूतिगृहाच्या स्वयंपाकघरातला पाच यांना एकाच मापाने तोलणं चूक आहे. प्रत्येक ठिकाणाचे सुरुवातीचे काही आठवडे नोंदवून तिथली नेहमीची पातळी आधी ठरवायची आणि पुढचा आकडा त्या पातळीशी ताडून बघायचा.

हे काम किती सोपं आहे बघा. दहा वेळा तीस सेकंद म्हणजे पाच मिनिटं. लिहिणं आणि सरकवणं धरून एका ठिकाणी पंधरा मिनिटं. मोटारसायकलवरचा एक माणूस सकाळच्या वेळात आठ ठिकाणं आरामात करतो.

कार्ड, चिकट पट्टी आणि बाटली

जाळी त्या क्षणाचं चित्र देते. आठवडाभराचं चित्र हवं असेल तर दुसरी साधनं आहेत. त्यांतलं मला सर्वांत आवडतं ते पांढरं कार्ड. तीन बाय पाच इंचांचं कोरं कार्ड माश्या रात्री विसावतात तिथे, म्हणजे छताच्या वाशाला, खांबाला, वायरजवळ पिनेने लावून ठेवायचं. माशी जिथे बसते तिथे ओकारीचे आणि विष्ठेचे बारीक ठिपके सोडते. ओकारीचा ठिपका फिका, विष्ठेचा गडद. सात दिवसांनी कार्ड काढून ठिपके मोजायचे आणि मागे तारीख, जागा लिहून फाईलला लावायचं. पोल्ट्री शेडमध्ये एका कार्डावर आठवड्याला शंभराहून जास्त ठिपके आले तर बंदोबस्ताची वेळ झाली, असं धरतात. नवापूरकडच्या पोल्ट्रीवाल्यांना ही पद्धत अगदी जमण्यासारखी आहे. खर्च जवळजवळ नाही, आणि जुनी कार्डं शेजारी शेजारी ठेवली की न शिकलेल्या माणसालाही फरक दिसतो.

चिकट पट्टी घरात, हॉटेलात चालते. धुळीच्या जागी मात्र ती एका दिवसात निकामी होते, आणि आपल्याकडे धुळीला तोटा नाही. बाटलीच्या सापळ्यात गुळाचं आंबवलेलं पाणी किंवा दुसरं आमिष ठेवतात. १९७१ साली शास्त्रज्ञांनी माशीच्या मादीच्या अंगावरचा गंध वेगळा काढून ओळखला आणि तो आता आमिषांत मिसळून मिळतो. बाटली किचनजवळ टांगू नये. ती आसपासच्या माश्या ओढून आणते. शंभर माश्या मेल्या म्हणून समाधान मानायचं कारण नाही, कारण शेजारच्या ढिगात त्याच दिवशी हजार जन्मत असतील.

कोणतंही साधन घ्या, जागा तीच, वेळ तीच, पद्धत तीच हवी. तहसीलच्या आवारातल्या पर्जन्यमापकाचं पाणी रोज सकाळी साडेआठलाच मोजतात आणि तो कधी झाडाखाली, कधी गच्चीवर हलवत नाहीत. तसंच हे. एक आठवडा सकाळी नऊला आणि पुढचा आठवडा भर दुपारी दोनला मोजलं तर फरक उन्हाचा आहे की माश्यांचा, कळणार नाही. सोबत तापमान, वारा, पाऊस आणि शेवटचा कचरा कधी उचलला, या चार गोष्टी लिहायलाच हव्यात.

उकिरडा उकरून बघा

उडत्या माश्या मोजून अर्धंच काम होतं. उरलेलं अर्धं ढिगाच्या कडेला वाकून करायचं असतं. ढिगाचा वरचा चार बोटं थर काठीने उकरला की ओलसर, कोमट भागात पिवळट पांढऱ्या अळ्या वळवळताना दिसतात. ढिगाच्या बाहेर, जिथे माती कोरडी व्हायला लागते, तिथे हातभर अंतरात कोष सापडतात. तांदळाच्या दाण्याएवढे, दोन्हीकडून गोल. आधी फिके, मग तांबूस, मग काळपट तपकिरी. हातमोजे घालून त्यांतले मूठभर कागदावर घ्या आणि भिंगातून टोकं बघा. टोपण उघडलेला, हलका, पोकळ कोष म्हणजे माशी उडून गेली. गडद आणि अखंड कोष बहुतेक दोन-तीन दिवसांत फुटणार. आत तयार झालेली माशी कपाळावरची एक छोटी पिशवी फुगवून टोपण ढकलते आणि तीच पिशवी वापरून सैल मातीतून वाट काढत वर येते. म्हणूनच कचऱ्यावर भुरभुरलेल्या मातीने ती अडत नाही. मातीचा थर जाड आणि दाबून बसवलेला लागतो.

कागदावर रिकामे कोष जास्त की भरलेले, यावरून आरोग्य निरीक्षकाला कळतं की आपण उशिरा आलो की वेळेत आलो. ही माहिती धुराच्या मशीनकडून कधीच मिळत नाही.

माशी कोणती आहे, हेही बघायला हवं. छातीवर चार काळे उभे पट्टे असतील तर ती घरमाशी, तिचं मूळ शेणात नाहीतर ओल्या कचऱ्यात. हिरवी-निळी चकाकणारी असेल तर जवळपास मेलेलं जनावर, मासळी किंवा मटणाचा टाकाऊ भाग आहे. मोरीच्या भिंतीवर बसणारी, पंखांवर लव असलेली बारकी माशी गटाराच्या गाळातून येते. केळीच्या गाड्यावरची चिलटं आंबलेल्या फळांवर वाढतात. जळगाव जिल्ह्यात केळी एवढी आहे की देठ, साली आणि गळालेला माल कुठे टाकला जातो, हा मोजणीच्या नकाशावरचा स्वतंत्र थर असायला हवा. चिलटांसाठी गटारात औषध ओतलं तर पैसा वाया जातो आणि चिलटं तशीच राहतात.

नकाशा आणि त्यावरचे निर्णय

शहराचे सारखे चौकोन पाडून प्रत्येकात किमान एक कायमचं ठिकाण ठरवायचं. ठिकाणं सगळ्या जातीची हवीत: जळगावच्या फुले मार्केटसारखा गर्दीचा बाजार, धुळ्यातल्या पाचकंदीलसारखा भाग, भुसावळच्या रेल्वे स्टेशनजवळची खानावळ, एखादी झोपडपट्टी, शाळेचं पोषण आहाराचं स्वयंपाकघर, दवाखाना, गोठे असलेली जुनी गल्ली, कचरा डेपो आणि बंगल्यांची कॉलनी. फक्त तक्रार आली तिथेच मोजलं तर नकाशा खोटा होतो. तक्रार कोण करतं? ज्याच्याकडे नगरसेवकाचा नंबर आहे तो. माश्या सर्वांत जास्त जिथे असतात तिथली माणसं बऱ्याचदा तक्रार करणं सोडूनच देतात. माझ्या मते अशा मोजणीचा सगळ्यात मोठा उपयोग हाच, की गप्प बसलेल्या वस्तीचा आकडाही टेबलावर येतो.

अंगावर रंगीत पूड लावून सोडलेल्या माश्या पुन्हा पकडून बघितल्या, तर बहुतेक माश्या दोन-तीन किलोमीटरच्या आतच सापडतात. काही फार लांब जातात, पण त्या थोड्या. म्हणजे शहराच्या मध्यात माश्या वाढल्या तर पाच-सहा किलोमीटरवरच्या डेपोला दोष देऊन भागत नाही. उगम जवळच कुठेतरी आहे आणि आजूबाजूच्या ठिकाणांचे आकडे चढत कुठे जातात ते बघत गेलं की सापडतो.

फवारणी करू नये असं मी म्हणत नाही. साथ असेल, पूर येऊन गेला असेल, तर ती लागते. पण फवारणीआधी मोजा, दुसऱ्या दिवशी मोजा, आठव्या दिवशी मोजा. दुसऱ्या दिवशी आकडा पडला आणि आठव्या दिवशी परत वर गेला, तर औषध चाललं पण उगम तसाच आहे. दुसऱ्या दिवशीही पडला नाही, तर औषध नीट मारलं गेलं नाही किंवा माश्यांना ते लागू होईनासं झालं. हे दुसरं फार लवकर होतं. डीडीटी येऊन काही वर्षंच झाली होती, तेव्हा १९४६-४७मध्येच स्वीडन आणि इटलीत त्याला न जुमानणाऱ्या घरमाश्या सापडल्या. न मोजता एकच औषध वर्षानुवर्षं मारत राहणं म्हणजे त्याची धार आपणच घालवणं.

बीजिंगने २०१२ साली सार्वजनिक शौचालयासाठी नियम काढला, की आत दोनपेक्षा जास्त माश्या नकोत. जगभर त्याची चेष्टा झाली. मला त्यातली मूळ कल्पना चांगली वाटते, कारण स्वच्छतेला त्यांनी मोजता येणारा आकडा दिला. फक्त तो किती वाजता आणि किती वेळ बघून मोजायचा, हे ठरलेलं नसेल तर असा आकडा टिकत नाही. आपल्या शेजारच्या सुरतेचं उदाहरण जास्त जवळचं आहे. खान्देशातली हजारो कुटुंबं तिथे पोटापाण्यासाठी राहतात, त्यांनी १९९४ची प्लेगची धास्ती पाहिली आहे. १९९५मध्ये आयुक्त म्हणून आलेल्या एस. आर. राव यांनी अधिकाऱ्यांना रोज सकाळी ऑफिसऐवजी वॉर्डात फिरायला लावलं आणि शहर काही महिन्यांत ओळखू येईनासं झालं. माश्यांच्या नोंदीलाही तशी रोजची फेरी लागते.

यात्रांचा विचार वेगळा करावा लागतो. नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याला दत्तजयंतीपासून घोड्यांचा बाजार भरतो. घोड्याची लीद हे घरमाशीचं आवडतं घर. पण मार्गशीर्षातल्या थंडीत अळीची वाढ सावकाश होते, त्यामुळे यात्रा चालू असताना मोजलं तर आकडा फसवा निघू शकतो. लीद तिथेच राहिली तर त्यातल्या माश्या तंबू उठल्यावर, गावकऱ्यांच्या वाट्याला येतात. म्हणून अशा ठिकाणी यात्रेआधी एकदा, चालू असताना आणि नंतर तीन-चार आठवडे मोजत राहायला हवं.

या आकड्यांशेजारी ठेवायला दुसरी माहितीही आपल्याकडे आहे. देशभरातल्या साथरोग सर्वेक्षण कार्यक्रमात २००४पासून सरकारी दवाखान्यांतून जुलाबाच्या रुग्णांची संख्या वर जाते. ती आणि माश्यांची सरासरी एका कागदावर आठवड्यानुसार मांडली तर कोणत्या भागात आधी लक्ष द्यायचं ते दिसेल. घाईने निष्कर्ष मात्र काढू नये. पहिल्या पावसात पाइपलाइनमध्ये गटाराचं पाणीही शिरतं आणि जुलाब त्यानेही वाढतो. म्हणून त्या आठवड्याचे पाण्याचे नमुनेही सोबत बघावेत.

महापालिकेची वाट न बघताही सुरुवात होऊ शकते. एखादी हाउसिंग सोसायटी, शाळेचा विज्ञान मंडळाचा वर्ग, हॉटेलवाल्यांची संघटना, कोणीही आठ-दहा कार्डं लावून पावसाळाभर नोंद ठेवू शकतं. वहीत रकाने सहा पुरेत: तारीख, जागा, वेळ, आकडा, शेवटचा ओला कचरा कधी उचलला, आणि आकडा वाढल्यावर काय केलं. शेवटचा रकाना रिकामा राहू देऊ नका. पुढच्या जूनमध्ये वॉर्ड ऑफिसात वही घेऊन गेलात की पहिला प्रश्न त्याचाच होईल.